ब्रोमीन की सिरियम? हरित रसायनशास्त्राच्या मूल्यमापनाच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

विभागाच्या बैठकीत प्रकल्पाला होकार मिळाला. वर्ग बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाचा, विषय हरित रसायनशास्त्र, म्हणजे कचरा आणि घातक पदार्थ मुळातच कमी होतील अशा तऱ्हेने रसायनं बनवणं. कॉलेज चिपळूण आणि खेडच्या मधलं, म्हणजे लोट्याची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरून कुणी ना कुणी 'कंपनीत' जातं, आणि काही घरं दाभोळ खाडीत जाळी टाकणाऱ्यांची आहेत. मुलं शिकली किती हे मोजायचंय, आणि विषयाकडे बघण्याची त्यांची नजर बदलली का हेही. या दोन गोष्टी एकाच फॉर्मात कोंबायच्या नाहीत, एवढं आजच नक्की केलं.

आजवर सेमिस्टर संपताना फीडबॅक फॉर्म भरून घेत आलो. सगळे 'अतिशय उपयुक्त'वर टिक करतात, गठ्ठा नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत जातो. त्यातून कळतं ते इतकंच, की मुलं चांगल्या वळणाची आहेत.

साधनं अशी:

ज्ञानासाठी चूक-बरोबर विधानं. हरित रसायनशास्त्राच्या तत्त्वांवर अमेरिकेत तयार झालेली २४ विधानांची अशी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. साचा तिचा, विधानं आमच्या प्रयोगांना धरून. चूक-बरोबरमध्ये डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी निम्मे गुण पडतात, म्हणून प्रत्येक विधानापुढे आणखी एक चौकट ठेवतेय: 'खात्री आहे' की 'अंदाजाने'.

नजरेसाठी विरुद्ध शब्दांच्या जोड्या. बाउअर यांनी २००८ मध्ये केलेली यादी झू आणि लुईस यांनी २०११ मध्ये आठ जोड्यांवर आणली, ती घेतेय. दोन टोकांना दोन शब्द, मध्ये सात घरं: सोपं–कठीण, गोंधळाचं–स्पष्ट, समाधान देणारं–वैताग आणणारं. चार जोड्या विषय आवाक्यातला वाटतो का ते सांगतात, चार तो आवडतो का ते. काही जोड्या उलट्या लावलेल्या असतात, त्यामुळे सरसकट डावीकडे खुणा करत सुटणारा लगेच सापडतो.

तिसरं साधन म्हणजे एक मोकळा प्रश्न. तो अजून सुचलेला नाही.

१६ जुलै, बुधवार

गेल्या वर्षी हाच भाग शिकून आता एम.एस्सी.ला असलेल्या मुलांवर कच्ची चाचणी घेतली. 'पर्यावरणाचं रक्षण व्हायला हवं' या विधानावर एकजात 'पूर्ण सहमत'. असं विधान वर्षभर शिकवून वर सरकणार कुठे? सुरुवातीलाच छताला टेकलेलं आहे. काढून टाकलं. त्याच्या जागी किंमत मोजावी लागेल अशी विधानं घातली: 'औषध थोडं महाग झालं तरी कमी घातक पद्धतीनेच बनवावं', 'कमी घातक पद्धत येईपर्यंत जुना कारखाना चालू ठेवणं योग्य आहे'. यावर एम.एस्सी.च्या मुलांची उत्तरं पट्टीभर पसरली. हवं होतं तेच.

नावं घ्यायची नाहीत, पण आधीचा आणि नंतरचा कागद एकाच मुलाचा आहे हे तर कळायला हवं. म्हणून प्रत्येकाने स्वतःचा संकेत बनवायचा: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि मोबाइलचे शेवटचे दोन आकडे. एकच अक्षर घेण्याचा विचार होता, पण सुनीता, संगीता, सुवर्णा, सुजाता, सविता... या पिढीतल्या आयांची नावं 'स'नेच सुरू होतात.

२२ जुलै, मंगळवार

पूर्वचाचणी झाली. आकडे वर्कशीटमध्ये जातील. इथे फक्त जे डोळ्यांत भरलं ते.

ॲनास्टस आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं 'बारा' आहेत हे जवळपास सगळ्यांना माहीत. भोपाळही सगळ्यांना माहीत: १९८४, डिसेंबर, मिथाइल आयसोसायनेट. पण 'भोपाळचा अपघात कशाने टळला असता' याचं उत्तर बहुतेकांनी 'चांगली देखभाल' किंवा 'सायरन' असं दिलं. इतका मोठा साठा ठेवायलाच नको होता, किंवा त्या रसायनावाचून कार्बारिल (तिथे बनणारं कीटकनाशक) बनवण्याची वाट धरायला हवी होती, असं लिहिणारे मोजकेच. बाराव्या तत्त्वाचा गाभा तोच आहे, अपघाताला जागाच न ठेवणं.

'हरित म्हणजे काय, एका ओळीत' याला दोन प्रकारची उत्तरं आली. पहिला प्रकार अपेक्षित: 'केमिकल नसलेलं', 'नैसर्गिक', 'सेंद्रिय'. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला बसून 'केमिकल नसलेलं'! असो. दुसरा प्रकार खास इथला: 'ईटीपी असलेली कंपनी म्हणजे ग्रीन', 'सांडपाणी सीईटीपीला पाठवणं'. (ईटीपी म्हणजे कंपनीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, सीईटीपी म्हणजे अनेक कंपन्यांचं सामायिक.) परदेशी शोधनिबंधांत चुकीच्या कल्पनांच्या याद्या असतात, त्यांत हे मी पाहिलेलं नाही. ज्या गावात 'प्रदूषण' म्हटलं की पाइपलाइन, टँकर आणि प्रक्रिया केंद्र हेच कानावर पडतं, तिथल्या मुलांना हरित म्हणजे झालेली घाण नीट आवरणं असं वाटलं तर नवल नाही. पण पहिलं तत्त्व नेमकं त्याच्या उलट: घाण मुळात करायचीच नाही. हा धागा प्रयोगांत सोडायचा नाही.

'रसायन उद्योगाने आपल्या भागाचं नुकसानापेक्षा भलं जास्त केलं' या विधानावर काही कागदांवर दोन्ही टोकांना खुणा आहेत, मधलं घर मोकळं. नियमाप्रमाणे हे उत्तर बाद. मी बाद करणार नाही, वेगळ्या रकान्यात ठेवतेय.

४ ऑगस्ट, सोमवार

ॲसेटॅनिलाइड. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने हरित प्रयोगांची पुस्तिका काढली आहे, त्यातली रीत: ॲनिलिन, ॲसेटिक आम्ल आणि चिमूटभर जस्ताची पूड. नेहमीची रीत ॲसेटिक ॲनहायड्राइडची. अर्ध्या गटांनी ही, अर्ध्यांनी ती.

मग अणुमितव्यय काढला, बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेला: समीकरणात घातलेल्या पदार्थांच्या एकूण रेणुभारातला किती टक्का हव्या त्या मालात येतो. ॲनिलिन ९३.१ आणि ॲनहायड्राइड १०२.१ मिळून १९५.२, त्यातलं ॲसेटॅनिलाइड १३५.२, म्हणजे ६९.२ टक्के. उरलेलं ॲसेटिक आम्ल होऊन जातं. दुसऱ्या रीतीत ९३.१ अधिक ६०.१, फुकट जातं फक्त पाणी, म्हणजे ८८.२ टक्के. मुलांना हे गणित फार आवडतं, कारण शेवटी एक टक्का हातात येतो. पण तोच टक्का आणि उताऱ्याचा, म्हणजे अपेक्षित मालापैकी प्रत्यक्ष हाती आलेल्याचा, टक्का यांची गल्लत ठरलेली. एका गटाने लिहिलं: 'आमचा उतारा ६० टक्के आला, म्हणून अणुमितव्यय कमी झाला.' अणुमितव्यय समीकरणातच ठरून गेलेला असतो, हाताने सांडलं तरी तो बदलत नाही. उत्तरचाचणीत यावर एक विधान हवंच.

त्यांना कचरा प्रत्यक्ष तोलायला लावलं. शेल्डन यांचा ई-घटक: एक किलो मालामागे किती किलो कचरा. तेल शुद्धीकरणात ०.१ पेक्षा कमी, आणि औषधनिर्मितीत २५ ते १०० किंवा त्याहून वर. लाखो टनांच्या धंद्यात कचरा कमी आणि ग्रॅममध्ये विकल्या जाणाऱ्या गोळीमागे ढीग, हे मुलांना पटेना. मग आपलाच बीकर वजनकाट्यावर ठेवला. गाळलेलं पाणी, धुतलेलं पाणी, फिल्टर पेपर एका बाजूला, आणि वॉच ग्लासवर ते एवढंसं पांढरं. मूळ हिशेबात पाणी धरत नाहीत, हे सांगितल्यावर लगेच प्रश्न आला: 'का नाही धरायचं? कंपनीचं तर तेच जातं ना खाडीत?' उत्तर मी दिलं नाही, फळ्यावर प्रश्न तसाच ठेवला.

ॲसेटिक आम्लाच्या रीतीत बराच वेळ रिफ्लक्स करावं लागतं, म्हणजे वाफ थंड करून परत खाली पाडत उकळावं लागतं, ॲनहायड्राइड मिनिटांत काम करतं. म्हणजे ऊर्जेच्या तत्त्वावर हरित रीत मागे पडते. हे दोनच गटांनी आपणहून लिहिलं. बाकीच्यांनी '८८ हे ६९ पेक्षा जास्त, म्हणून हरित' म्हणून जर्नल मिटलं.

(ॲसेटिक ॲनहायड्राइड हेरॉइन बनवायला वापरतात म्हणून अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे. खरेदीचे कागद करावे लागतात. आमच्या ऑफिसला हरित प्रयोग आवडायचं हे सर्वांत मोठं कारण.)

१३ ऑगस्ट, बुधवार

आजची नोंद लांबणार.

ॲसेटॅनिलाइडचं ब्रोमिनेशन, म्हणजे त्याला ब्रोमीन जोडणं. जुनी रीत द्रवरूप ब्रोमीनची, ॲसेटिक आम्लात. लॅबचे मामा ती बाटली कपाटातून काढतानाच तोंडाला रुमाल बांधतात. पुस्तिकेतली रीत पोटॅशियम ब्रोमाइड आणि सिरिक अमोनियम नायट्रेटची, पाणी-अल्कोहोलमध्ये. नारिंगी स्फटिक, धूर नाही, वास नाही. पॅरा-ब्रोमोॲसेटॅनिलाइड छान पांढरं पडलं, मेल्टिंग पॉइंट १६७ च्या आसपास. वर्ग खूश. कोणती रीत हरित, असं विचारलं तर एका सुरात 'सिरिकची!'

मग फळ्यावर गणित मांडायला लावलं. ब्रोमीनची रीत: १३५.२ अधिक १५९.८, म्हणजे २९५.०. हाती २१४.१. अणुमितव्यय ७२.६ टक्के. सिरिकची रीत: समीकरणाप्रमाणे ब्रोमाइडमागे सिरियमचे दोन अणू, म्हणजे सिरिक अमोनियम नायट्रेटचे (रेणुभार ५४८.२) दोन मोल. १३५.२, ११९.० आणि १०९६.४ मिळून १३५०.६. हाती तेच २१४.१.

१५.८ टक्के.

गणित चुकलं म्हणून दोघांनी पुन्हा करून पाहिलं. तेच आलं. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे पुस्तिकेत खोटं लिहिलंय का?" खोटं नाही लिहिलेलं. पुस्तिका वर्गातल्या मुलाच्या फुप्फुसांचा विचार करते, गणित अणूंचा करतं. पण हे मी बोलायच्या आत मागच्या बाकावरून आलं: "बाटली फुटली तर माणूस मरेल. कचरा जास्त झाला तर माणूस मरत नाही." त्यावर खाडीकाठच्या गावातला मुलगा, एरवी तोंड न उघडणारा: "लगेच नाही मरत." वर्ग काही क्षण गप्प, मग सगळे एकदम बोलू लागले. सिरियमचं पाणी कुठे जातं? सिंकमध्ये. वॉशिंग सोडा घालून सिरियम कार्बोनेट खाली बसवता येईल का? येईल. मग तो हिशेबात धरायचा का? लॅबमध्ये एक ग्रॅम करताना एक उत्तर आणि कारखान्यात एक टन करताना दुसरं, असं असू शकतं का?

तास संपला तरी कुणी उठेना. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले.

मोकळा प्रश्न सापडला. या प्रकल्पात मोजायची खरी गोष्ट हीच. बारा तत्त्वं पाठ आहेत का हे युनिव्हर्सिटीची परीक्षा बघतेच. दोन तत्त्वं एकमेकांवर आदळली की मूल काय करतं, हे कुणी बघत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

स्टाफरूममध्ये वाद. सहकारी सरांचं म्हणणं: "मॅडम, पेपरात 'कोणतीही चार तत्त्वं स्पष्ट करा' येतं. तुम्ही मुलांच्या डोक्यात शंका घालताय, ती तिथे 'हे तत्त्व कधी कधी लागू पडत नाही' असं लिहून येतील आणि मार्क जातील." या भीतीत तथ्य आहे. तरी सरांना उत्तरं तपासायला दुसरे परीक्षक म्हणून घेतलं. इतका कडक माणूस दुसरा मिळणार नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

ब्रोमीनची चर्चा वर्गात झाल्यामुळे तोच प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, मुलं आठवून लिहितील. नवं उदाहरण आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचं. जुनी बूट्स कंपनीची रीत सहा पायऱ्यांची, अणुमितव्यय ४० टक्के. नवी बीएचसी कंपनीची रीत तीन पायऱ्यांची, ७७ टक्के. तिला १९९७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. नव्या रीतीतल्या पहिल्या पायरीत निर्जल हायड्रोजन फ्लोराइड (एचएफ) लागतो, हे मात्र ओझरतं येतं. जुन्या रीतीतलं ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून कचऱ्यात जातं. एचएफ परत मिळवून पुन्हा वापरतात, पण तो अंगावर उडाला तर हाडापर्यंत जातो.

प्रश्न: 'दोन्ही पद्धतींची माहिती दिली आहे. तुमच्या तालुक्यात कारखाना उभा राहणार असेल तर कोणती पद्धत सुचवाल? का? ठरवण्याआधी आणखी काय विचाराल?'

गुणांकन: नुसतं 'हरित आहे म्हणून' याला ०. एका तत्त्वाचा नीट आधार असेल तर १. दोन तत्त्वं समोरासमोर ठेवून निवड केली तर २. निवड कुठल्या अटीवर बदलेल ते सांगितलं किंवा नेमकी हवी ती माहिती विचारली तर ३. कोणती पद्धत निवडली याला गुण नाहीत.

२७ ला चतुर्थी. आजपासूनच वर्ग ओस. सुट्टीमुळे शिकवणं आणि उत्तरचाचणी यांत आपोआप अंतर पडतंय ते बरं, ताजं ताजं पाठांतर मोजलं जाणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

सुट्टीनंतरचा पहिला तास. एका मुलाने गणपतीला आलेल्या, कंपनीत ऑपरेटर असलेल्या काकांना विचारलं होतं, तुमच्याकडे टोल्यूइन (विद्रावक) वापरून झालं की काय करता. काका म्हणाले, डिस्टिल करून परत वापरतो, फेकायला परवडतं का. मुलाचा निष्कर्ष: "ते पर्यावरणासाठी नाही करत, पैशांसाठी करतात. मग ते हरित धरायचं का?" प्रश्नाची नोंद मुलाखतींच्या यादीत केली.

१७ सप्टेंबर, बुधवार

उत्तरचाचणी. चूक-बरोबरचे गुण चांगले वाढले, विशेषतः उत्प्रेरक आणि अणुमितव्यय यांवरच्या विधानांत. उतारा आणि अणुमितव्ययाची गल्लत बरीच कमी झाली. हेकने भौतिकशास्त्राच्या वर्गांसाठी वापरलेलं माप लावतेय: झालेली वाढ भागिले होऊ शकली असती ती वाढ. ४० वरून ७० वर गेलेल्याची वाढ ६० पैकी ३०, म्हणजे ०.५. तुलनेला दुसरा वर्ग नाही, त्यामुळे ही वाढ प्रयोगांमुळे की नुसत्या तासांमुळे हे सांगता येणार नाही, आणि अहवालात तसं लिहायचं.

खात्रीची चौकट फार कामाची निघाली. 'पाणी हा नेहमीच हरित विद्रावक असतो' हे 'बरोबर' आणि वर 'खात्री आहे' म्हणणारे अजून बरेच आहेत. 'जैवविघटनशील पदार्थ विषारी नसतो' याचंही तसंच. अंदाजाने चुकलेल्याला समजावणं सोपं. खात्रीने चुकलेल्यासाठी प्रयोग लागतो. पुढच्या वर्षी पाण्यावर एक प्रयोग हवा: सेंद्रिय पदार्थ मिसळलेलं पाणी पुन्हा साफ करायला काय पडतं ते दाखवणारा.

२० सप्टेंबर, शनिवार

मोकळ्या प्रश्नाचे कागद सरांनी आणि मी स्वतंत्रपणे तपासले, मग समोरासमोर बसलो. ० आणि १ वर भांडण नाही. २ की ३ यावर बरंच. एका कागदावर होतं: 'एचएफचा टँकर घाटातून येणार की कसा, ते आधी सांगा.' सर म्हणाले, हे रसायनशास्त्र नाही. मी म्हटलं, परशुराम घाटात पावसाळ्यात दरडी येतात हे ज्याला माहीत आहे त्याने अपघाताच्या तत्त्वाचा इतका ठोस उपयोग केला, त्याला ३ नाही तर कुणाला? सरांनी ३ दिले, पण गुणांकनात 'वाहतूक आणि साठवण' असे शब्द लिहून घ्यायला लावले. बरोबरच आहे, दुसऱ्या कॉलेजातल्या परीक्षकालाही तेच गुण देता यायला हवेत. आमची सहमती कोहेनच्या 'कप्पा' या मापाने काढणार, नुसत्या टक्केवारीत योगायोगाची सहमतीही मिसळलेली असते.

बहुसंख्य कागद १ वर अडकलेत: '७७ टक्के आहे म्हणून नवी.' टक्का दिसला की विचार थांबतो, ४ ऑगस्टलाही हेच झालं होतं.

आता जोड्यांची पट्टी. आवडीच्या चार जोड्या वर सरकल्या. आवाक्याच्या चार जोड्या जागच्या जागी, 'साधं–गुंतागुंतीचं' तर गुंतागुंतीकडे झुकली. सरांनी लगेच म्हटलं, बघा, अवघड करून ठेवलंत. कागद संकेतांप्रमाणे जुळवून पाहिले. मोकळ्या प्रश्नात २ आणि ३ मिळवणारी मुलंच प्रामुख्याने 'गुंतागुंतीचं'कडे गेली आहेत. १ वाल्यांना विषय पूर्वीइतकाच किंवा जास्तच साधा वाटतो. कागद थोडे आहेत, फार ताणायला नको. पण 'दृष्टिकोनाचा गुण वाढला म्हणजे शिकवणं यशस्वी' हे गणित मी अहवालात मांडणार नाही. आठही जोड्यांची एकच बेरीज करून टाकली असती तर हे दिसलंच नसतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मुलाखती. दोन्ही टोकांना खुणा करणाऱ्यांना आधी बोलावलं, तयारी असेल तर या असं सांगून.

एक मुलगी: "बाबांच्या पगारावर घर चालतं आणि आजोळी खाडीत मासे मेले की मामा फोन करतो. मधल्या घरात खूण केली असती तर वाटलं असतं मला काहीच म्हणायचं नाही." पुढच्या वेळी हे विधान फोडून दोन करायचं, भलं वेगळं आणि नुकसान वेगळं.

टोल्यूइनवाल्याला विचारलं, तुझ्या प्रश्नाचं काय झालं? म्हणाला, "पैशांसाठी केलं तरी टोल्यूइन हवेत जात नाहीच ना. पण टोल्यूइन स्वस्त झालं तर काय करतील, ते बघायचं." मोकळ्या प्रश्नात त्याला २ होते. मुलाखतीला गुण असते तर ३ दिले असते.

आणि एक जण, सरळच: "क्वालिटी कंट्रोलच्या इंटरव्ह्यूला हे बोललो तर घेतील का?" मी म्हटलं, कचऱ्याचा खर्च किलोमागे किती पडतो हे विचारता आलं तर नक्की ऐकून घेतील.

८ ऑक्टोबर, बुधवार

अहवालाचा कच्चा खर्डा विभागप्रमुखांकडे दिला. पूर्व-उत्तर फरकासाठी विलकॉक्सनची जोडीची चाचणी वापरली आहे, वर्ग लहान आणि पट्टी क्रमाची आहे म्हणून. मागण्या तीन: कचरा तोलायला वेगळा वजनकाटा, सिरियमच्या द्रावणासाठी झाकणाचा कॅन, आणि इंटर्नलच्या वीस गुणांतले पाच मोकळ्या प्रश्नाला. पहिल्या दोन लगेच मंजूर. तिसरीवर माझे सहपरीक्षक सर म्हणाले, प्रश्न मी काढणार असेन तर हरकत नाही. काढलाही: निर्विद्रावक पद्धतीत चक्कीत तासभर दळणं विरुद्ध इथेनॉलमध्ये दहा मिनिटं उकळणं. सोमवारी दोघं बसून त्याचं गुणांकन लिहितोय.